दाढ ठणकतेय आणि कंपनीचा विमा नाही: मुंबईत दातांचा खर्च आवाक्यात कसा आणावा

आमच्या घरात पगारासोबत विमा मिळेल अशी नोकरी कुणालाच नाही. नवरा टॅक्सी चालवतो, मी घरून मुद्रितं तपासते. चार वर्षांपूर्वी सासूबाईंची खालची दाढ रात्री दोन वाजता ठणकायला लागली. दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. बाहेर पडताना त्यांच्या हातात ४८,००० रुपयांचा कागद होता: चार रूट कॅनाल, सहा कॅप, आणि आजच निम्मे भरले तर थोडी सूट. सासूबाईंनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "राहू दे गं, लवंग धरते दाढेत." पाच दिवसांनी जबडा इतका सुजला की तोंडात घास जाईना.

पुढे महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात त्यांचं सगळं तोंड मार्गी लागलं. चार नव्हे, दोनच दातांना रूट कॅनाल लागलं. ती दाढ मात्र काढावी लागली, कारण मधल्या पाच दिवसांत आम्ही वाट बघत बसलो होतो. एकूण खर्च त्या कागदाच्या पाव हिश्शालाही पोचला नाही, पण पाच महिने गेले आणि चौदा फेऱ्या झाल्या. त्या फेऱ्यांत आणि नंतर शेजारपाजारच्यांना घेऊन जाताना जे कळलं, ते इथे क्रमानं मांडते आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. कंपनीचा विमा असणाऱ्यांचे दात फुकटात होतात असं नाही. बहुतेक मेडिक्लेममध्ये दातांचे रोजचे उपचार, म्हणजे फिलिंग, रूट कॅनाल, कॅप, कवळी, धरलेलेच नसतात. अपघातात जबडा मोडला किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच पैसे मिळण्याची शक्यता. त्यामुळे आपली वाट थोडी लांबची असली तरी ती फक्त आपलीच नाही.

पायरी पहिली: आज रात्रीच पळायचं आहे का, ते ठरवा

गालाची किंवा हनुवटीखालची सूज वाढत असेल, सोबत ताप असेल, गिळताना त्रास होत असेल, तोंड उघडत नसेल, आवाज बदलला असेल किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर पैशांचा विचार बाजूला ठेवून थेट मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे यांपैकी जे जवळ असेल ते. दातातला पू मानेकडे उतरला तर श्वासनलिका दाबली जाऊ शकते आणि माणूस काही तासांत गंभीर होतो. रविवार आहे, ओपीडी बंद आहे, सोमवारी बघू, असं या वेळी करायचं नाही.

नुसती ठणक असेल तर एक-दोन दिवसांची मुदत असते. तेवढ्यात काय करायचं? कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, डोकं उशीवर उंच ठेवून झोपा, आणि नेहमी चालणारी साधी वेदनाशामक गोळी पोटात घ्या. गोळी हिरडीवर ठेवू नका. आमच्या चाळीत दोघांची हिरडी तशीच भाजलेली मी पाहिली आहे. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेकही देऊ नका. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मागून आणणं तर अजिबात नको. सूज ओसरते, पण दाताच्या आतली सडलेली नस तशीच राहते आणि महिन्याभरात सगळं पुन्हा उसळतं. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी वेदनाशामक गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आठवडाभर ठणकणारी दाढ अचानक शांत झाली, तर बहुतेक वेळा ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते. माणसं नेमकी इथेच फसतात. दुखणं थांबलं म्हणून उपचार थांबवतात आणि सहा महिन्यांनी दाढ गमावून बसतात.

पायरी दुसरी: निदान वेगळं, उपचार वेगळा

पैसे वाचवण्याची खरी जागा ही आहे. दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाला "करून टाकूया का?" असं विचारलं की तो मान हलवतो. म्हणून आत जातानाच सांगा, "आज फक्त तपासणी आणि एक्स-रे. उपचाराचं घरी बोलून ठरवू." चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

तपासणीची फी आणि दुखऱ्या दाताचा छोटा एक्स-रे एवढा खर्च बहुतेकांना झेपतो. सगळं तोंडच बिघडलं असेल किंवा अक्कलदाढ काढायची असेल, तर दोन्ही जबडे एकत्र दिसतील असा ओपीजी नावाचा मोठा एक्स-रे सांगतात. एक्स-रे तुमच्या पैशांतून काढलेला असतो. त्याची फिल्म मागून घ्या, किंवा संगणकावरची प्रत व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा. दुसऱ्या डॉक्टरकडे तोच दाखवता येतो.

मग अंदाजपत्रक लेखी मागा, आणि ते या चार भागांत पाडून मागा: कुठे पू किंवा जंतुसंसर्ग आहे; कुठला दात आता वाचवला नाही तर जाईल; कुठे दात आधीच नाही आणि तिथे काही बसवायचं आहे; आणि नुसतं दिसण्यासाठी काय आहे. पहिला भाग या आठवड्यात, दुसरा येत्या एक-दोन महिन्यांत. तिसरा पैसे जमतील तसा सहा महिन्यांनी केला तरी सहसा चालतं. चौथा नाही केला तरी दाताचं काही बिघडत नाही. सासूबाईंचा ४८,००० चा कागद आम्ही नायरमध्ये दाखवला, तेव्हा सहापैकी तीन कॅप चौथ्या भागातल्या निघाल्या.

थांबल्यानं खर्च कसा चढतो, तेही समजून घ्यायला हवं. कीड दाताच्या बाहेरच्या कठीण थरात किंवा त्याखालच्या थरात असते, तोवर साध्या फिलिंगवर काम भागतं. ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल आणि वर कॅप. मूळच सडलं की दाढ काढा, आणि रिकाम्या जागी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं पक्का बसवलेला दात), कवळी किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात). ढोबळमानानं फिलिंगचा खर्च शेकड्यांत, रूट कॅनाल आणि कॅपचा हजारांत आणि इम्प्लांटचा दहा-दहा हजारांच्या पटीत. म्हणून हातात मोजकेच पैसे असतील तर पू आणि ठणक आटोक्यात आल्यावर दुखणाऱ्या दाढेच्या शेजारी जी छोटी, न दुखणारी कीड आहे, ती आधी भरून घ्या. बहुतेक लोक उलट करतात.

पायरी तिसरी: दंत महाविद्यालय

मुंबई शहरात दोन सार्वजनिक दंत महाविद्यालयं आहेत. एक महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला. १९३३ साली सुरू झालेलं. दुसरं राज्य शासनाचं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय, सीएसएमटी स्टेशनजवळ, पी. डिमेलो रोडकडच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. दोन्हीकडे लागणारा पैसा खासगी दवाखान्याच्या मानानं फारच थोडा असतो. हार्बर लाइनवर राहणाऱ्यांसाठी नवी मुंबईत खासगी महाविद्यालयं आहेत: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एम. जी. एम. त्यांची फी सरकारीपेक्षा जास्त असते, पण बाहेरच्या दवाखान्यापेक्षा सहसा कमी. चेंबूर, मानखुर्द, गोवंडीच्या माणसाला मुंबई सेंट्रलपेक्षा नेरुळ सोपं पडतं.

शिकाऊ डॉक्टरच्या हाती दात द्यायचा, या विचारानं पुष्कळ जण बिचकतात. मीही बिचकले होते. तिथे प्रत्यक्षात काय चालतं ते सांगते. बीडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचे, वरच्या वर्गातले विद्यार्थी आणि इंटर्न साधं काम करतात: सफाई, फिलिंग, सोपी दाढ काढणं. अवघड काम पीजी करतात, म्हणजे जे आधीच पदवी घेतलेले दंतवैद्य आहेत आणि एका विषयात एमडीएस करत आहेत. दोघांच्याही डोक्यावर प्राध्यापक असतात. टप्प्याटप्प्यावर ते येऊन बघतात आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. वेळ त्यामुळेच लागतो आणि काम त्यामुळेच नीट होतं. सासूबाईंच्या एका रूट कॅनालच्या वेळी मॅडमनी एक्स-रे पाहून भरलेलं सगळं काढायला लावलं आणि पुन्हा भरून घेतलं. आमचा एक जास्तीचा दिवस गेला, पण ती दाढ आजही शाबूत आहे.

पहिल्या दिवशी सकाळी ओपीडी उघडायच्या आधी पोचा. आधी केस पेपर काढायचा. मग निदान विभागात तपासणी, तिथून एक्स-रे, आणि मग केस पेपरवर पुढच्या विभागाचं नाव लिहून देतात. विभागांची साधी ओळख असली की धावपळ कमी होते. फिलिंग आणि रूट कॅनाल कन्झर्वेटिव्ह विभागात, दाढ काढणं आणि जबड्याचं काम ओरल सर्जरीत, हिरड्या आणि सफाई पेरिओत, कवळी, ब्रिज आणि बऱ्याचदा कॅपही प्रोस्थोत, वेडेवाकडे दात ऑर्थोत आणि लहान मुलं पेडोत. तिथले शिपाई आणि सिस्टर हीच नावं घेतात. पहिल्या दिवशी बहुतेक वेळा फक्त तपासणी, एक्स-रे आणि पुढची तारीख एवढंच होतं. दुखणं जोरात असेल तर मात्र खिडकीवरच तसं स्पष्ट सांगा. त्या दिवशी दात उघडून पू वाहता करतात किंवा औषध घालून ठणक थांबवतात.

ज्या विद्यार्थ्यानं तुमचं काम सुरू केलं, त्याचं नाव, वर्ष आणि विभाग केस पेपरच्या मागे लिहून ठेवा. शक्य तोवर त्याच्याकडूनच काम पुरं करून घ्या. विद्यार्थ्यांना ठरावीक संख्येनं केसेस पूर्ण करायच्या असतात, त्यामुळे वेळेवर येणारा पेशंट त्यांना हवाच असतो. "तुमची परीक्षा कधी आहे? सुट्टी कधी लागते? तुमची पोस्टिंग बदलली तर माझं काम कोण करेल?" हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. आमच्या शेजारच्या काकांची अर्धी झालेली कवळी परीक्षेच्या हंगामात अडकली होती, कारण हे कुणी विचारलं नव्हतं. ठरलेली तारीख चुकवू नका. चुकवावीच लागली तर आदल्या दिवशी कळवा. त्या मुलामुलींचाही अख्खा दिवस आपल्यावर अवलंबून असतो.

कॅप आणि कवळी बाहेरच्या प्रयोगशाळेत बनत असेल तर तिचे वेगळे पैसे लागू शकतात. ते किती आणि कधी भरायचे, हे माप घेण्याआधी विचारून घ्या. एवढंही झेपत नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. गरजू रुग्णांसाठी पालिका रुग्णालयांत पुअर बॉक्स निधी असतो. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा कागद पाहून ते काय करता येईल ते सांगतात. या खोलीत जायला लाज वाटण्याचं काही कारण नाही. ती त्यासाठीच आहे.

रूट कॅनाल झालं, दुखणं थांबलं, की पुष्कळ जण कॅपसाठी परत जातच नाहीत. आत पोकळ झालेली दाढ मग भाकरीच्या कडक पापुद्र्यानंही तडकते. उभी चीर गेलेली दाढ वाचत नाही, आणि केलेलं सगळं वाया जातं. कॅपचे पैसे रूट कॅनालच्या पहिल्या दिवसापासूनच बाजूला काढायला लागा.

आता वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडू. समजा, रोज ७०० रुपये हातात येणारा माणूस एका रूट कॅनालसाठी पाच फेऱ्या मारतो. त्याचे ३,५०० रुपये बुडाले, प्रवास आणि चहापाणी वेगळं. आमच्या भागात मी तीन दवाखान्यांत विचारलं, तेव्हा एका दाढेच्या रूट कॅनालचे, कॅप सोडून, ४,००० ते ७,५०० रुपये सांगितले होते. म्हणजे एकच दाढ असेल आणि रोजावर पोट असेल, तर फरक फार उरत नाही. परिचयाच्या खासगी डॉक्टरकडे दोन बैठकांत उरकणंच बरं. तीन-चार दात, अक्कलदाढ, पूर्ण कवळी किंवा मुलांच्या तारा असतील, तर महाविद्यालयाला पर्याय नाही. घरी असणारे, निवृत्त, रात्रपाळीवाले यांनी तिथेच जावं. माझ्या नवऱ्यानं एक दाढ खासगीत केली, सासूबाईंचं सगळं नायरमध्ये केलं. दोन्ही निर्णय बरोबर होते.

पायरी चौथी: घरातल्या कुणाच्या कार्डावर नाव आहे का, ते शोधा

तुमच्याकडे विमा नसेल, पण घरात दुसऱ्या कुणाकडे हक्क असू शकतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनेतल्या कामगाराच्या पगारातून ईएसआयसाठी, म्हणजे राज्य कामगार विम्यासाठी, ०.७५ टक्के कापले जातात. पगाराच्या चिठ्ठीवर हा आकडा दिसला, तर त्याला, बायकोमुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही राज्य कामगार विमा रुग्णालयांत उपचार मिळतात, दातांचेसुद्धा. वरळी, मुलुंड, कांदिवली इथे ही रुग्णालयं आहेत. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, छोट्या कारखान्यात काम करणाऱ्या किती तरी जणांना आपले पैसे कापले जातात हेच ठाऊक नसतं. घरात निवृत्त सैनिक असेल तर ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, रेल्वेतले असतील तर रेल्वे रुग्णालय, हेही तपासा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल खूप जण विचारतात. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. साधं फिलिंग, रूट कॅनाल, कवळी यांसाठी त्यावर विसंबू नका. जबड्याचं फ्रॅक्चर किंवा तोंडाचा कर्करोग असेल तर मात्र पहिला फोन याच योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर करा, आणि रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं बंधनकारक आहे. दाखल होऊन जबड्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर उत्पन्नाचा दाखला घेऊन त्यांच्या समाजसेवा विभागात हक्कानं विचारा. दाद लागली नाही तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

केईएम, सायन, कूपर या पालिका रुग्णालयांत दंत विभाग आहेत, आणि पालिकेच्या काही पॉलिक्लिनिकमध्येही दंतवैद्य बसतात. दाढ काढणं, सफाई, साधं फिलिंग यासाठी मुंबई सेंट्रलपर्यंत जायची गरज पडेलच असं नाही. आपल्या वॉर्डातल्या आरोग्यसेविकेला विचारा. कुठल्या वारी डॉक्टर असतात हे तिला पक्कं माहीत असतं.

पायरी पाचवी: खासगी दवाखान्यात जायचंच असेल तर

डॉक्टरची पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाटीवर किंवा चिठ्ठीवर आहे का, ते बघा. नसेल तर विचारा. रस्त्याकडेला किंवा छोट्या गाळ्यात "दात बसवून मिळतील" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. ते शेजारच्या चांगल्या दातांना तार बांधून किंवा जागेवरच घट्ट होणारं प्लास्टिक लावून दात पक्का चिकटवतात. तो काढून धुता येत नाही. खाली अन्न कुजतं, हिरडी सडते आणि चांगले दातही हलायला लागतात. आमच्या मजल्यावरच्या आजींचे दोन चांगले दात तसेच गेले.

दर कमी करायला सांगण्यापेक्षा पर्याय विचारणं जास्त उपयोगी पडतं. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत नाही, तिला धातूची कॅप चालेल का? ती सगळ्यात स्वस्त, दणकट, आणि तिच्यासाठी दातही कमी घासावा लागतो. सिरॅमिक किंवा झिरकोनियाची पांढरी कॅप दिसायला छान, पण मागच्या दाढेला त्यासाठी दुपटी-तिपटीनं पैसे द्यायचे का, हे घरच्या परिस्थितीवर ठरवा. एक दात गेला तर इम्प्लांट हा एकच रस्ता नाही. काढता-घालता येणारी छोटी कवळी काही वर्षं निभावून नेते. अगदी शेवटची दाढ गेली असेल तर काही न बसवताही चालेल का, तेही विचारा. बऱ्याचदा चालतं.

पैसे बैठकीनुसार द्या. सगळे आगाऊ देऊ नका. छापील पावती घ्या, त्यावर दाताचा क्रमांक आणि काय केलं ते लिहून घ्या. झिरकोनियाच्या कॅपचं वॉरंटी कार्ड, इम्प्लांट असेल तर त्याच्या कंपनीचं नाव आणि स्टिकर जपून ठेवा. दाबाखालच्या वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये हत्यारं निर्जंतुक करतात ना, हे विचारायला संकोचू नका. पैसे वाचवताना इथे तडजोड नको.

"बिनव्याजी हप्ते" म्हटलं की दोन आकडे मागा: आज रोख दिले तर किती, आणि हप्त्यांत सगळे मिळून किती. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी धरून फरक कळेल. क्रेडिट कार्डाची थकबाकी ओढत राहण्यापेक्षा पतपेढीचं छोटं कर्ज बरं पडतं. आमच्या चाळीत बायकांची भिशी आहे. गेल्या वर्षी दोन जणींनी आपला नंबर दातांच्या कामासाठी आधी मागून घेतला आणि बाकीच्यांनी तो आनंदानं दिला.

पायरी सहावी: विमा विकत घ्यावा का?

फक्त दातांसाठी म्हणून घेऊ नये, असं माझं मत. वैयक्तिक आरोग्य विम्यात ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घ्यायच्या उपचारांचा, जोड घेतला तर काही कंपन्या दातांचा थोडा खर्च देतात, पण त्याला प्रतीक्षाकाळ आणि वरची मर्यादा असते. जोडासाठी वर्षाला जास्तीचा हप्ता किती आणि दातांसाठी जास्तीत जास्त परतावा किती, हे दोन आकडे शेजारी लिहा. बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. दवाखान्यांची "डेंटल मेंबरशिप" म्हणजे विमा नव्हे. ते सवलतीचं कार्ड आहे, आणि सवलत कुठल्या दरावर, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी विमा जरूर घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. पण दातांसाठी महिना ३०० रुपयांची आवर्ती ठेव काढा. वर्षाला ३,६०० रुपये होतात. त्यात एका माणसाची तपासणी, सफाई आणि एखाद-दुसरं फिलिंग बसू शकतं.

प्राप्तिकर भरणाऱ्यांसाठी: जुन्या करप्रणालीत, ६० वर्षांवरच्या आईवडिलांचा आरोग्य विमाच नसेल, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर ८०डी खाली ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मागता येते. पैसे रोखीनं दिलेले नसावेत. दातांच्या पावत्या त्या फायलीत लावा आणि कर भरून देणाऱ्याला दाखवा.

मुलं, मधुमेही आणि मिश्री

मुलांना साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल आणि नवी येईल" म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ आहे. पुन्हा येणार नाही. त्या वयात तिच्या खाचा बुजवणारा सीलंटचा लेप लावता येतो. दुखत नाही, आणि पुढचं रूट कॅनाल टळू शकतं. माझ्या मुलीला तो नायरच्या पेडो विभागात लावून घेतला. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी होते, तेव्हा दातही बघतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. दाढ काढायला जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. गरोदर बाईनं दुखणं अंगावर काढू नये. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेक उपचार निर्धास्त करता येतात.

सासूबाई चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायच्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं दात साफ होतात ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, पण होतं उलटंच: हिरड्या मागे सरकतात, मुळं उघडी पडतात, आणि कर्करोगाचा धोका वाढतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तिखट सोसेनासं झालं असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दात नंतर, आधी हे दाखवा. दंत महाविद्यालयाच्या निदान विभागात तपासतात, गरज पडल्यास तुकडा काढून तपासणीला पाठवतात, आणि पुढे परळला टाटा रुग्णालय आहे. सासूबाईंच्या गालातला चट्टा नायरच्याच एका पीजी मुलीच्या नजरेला पडला. सुदैवानं तपासणीत वाईट काही निघालं नाही. मिश्री सोडायला त्यांना सात महिने लागले.

बाकी रोजचं: फ्लोराइड असलेली कुठलीही साधी पेस्ट, मऊ ब्रश, आणि रात्री झोपण्यापूर्वी घासणं. सकाळचं एक वेळ चुकलं तर चालेल, रात्रीचं नको. खरखरीत लाल दंतमंजन, राख, मीठ यांनी दाताचा वरचा थर झिजतो. चहा-बिस्किटं दिवसातून सहा वेळा होत असतील तर ती दोन वेळांवर आणा. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, यानं कीड जास्त ठरते.

पहिल्या दिवशी पिशवीत काय असावं

आधार कार्ड, शिधापत्रिका, जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं पाठ करण्यापेक्षा पाकीटच दाखवलेलं बरं), साखर किंवा रक्तदाब असेल तर शेवटचा रिपोर्ट, सुटे पैसे, पाण्याची बाटली, चार्ज केलेला फोन. घरून पोटभर खाऊन निघा, कारण इंजेक्शननंतर बधिरपणा जाईपर्यंत दोन-तीन तास चावता येत नाही. डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं असेल तेवढाच अपवाद. म्हाताऱ्या माणसासोबत एक जण हवाच. रांग एकानं धरायची आणि दुसऱ्यानं बाकावर बसायचं.

केस पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. आमचा आता शिधापत्रिकेच्याच डब्यात असतो. त्याच्या मागे सासूबाईंची पुढच्या सफाईची तारीख लिहिलेली आहे, आणि तिच्याखाली, वेगळ्या शाईत, माझी.